साहेबांच्या मागची गाडी

"मिस्त्री, बाहेर ये. गाडी विचार करतीय."

भीमराज एका टेम्पोखाली उताणा पडला होता. तिथून त्याला फक्त पांढऱ्या बुटांची एक जोडी दिसली. उसाचा हंगाम चालू होता, ट्रॉल्यांमधून गळणाऱ्या पाचटाचा आणि चिखलाचा राहुरीच्या रस्त्यांवर राडा झालेला होता. अशा दिवसांत पांढरे बूट घालून फिरणारी माणसं दोनच प्रकारची असतात, नवरदेव आणि इच्छुक. हे बूट आबासाहेबांचे होते आणि त्यांचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती.

आबासाहेब जिल्हा परिषदेला इच्छुक होते. मागच्या वेळी इच्छुक होते, त्याच्या मागच्या वेळीही होते. शिवाय ते बाजार समितीचे संचालक होते, समितीच्या गाळे उपसमितीचे अध्यक्ष होते आणि दोन मंडळांचे आधारस्तंभ होते. हे सगळं त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेलं होतं. काच भरली म्हणून उरलेलं दारावर लिहिलं होतं.

भीमराज टेम्पोखालून सरकत बाहेर आला. आयटीआय करून त्याने चाकणला बारा वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, त्यातली सात नुसत्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स खोलून परत बसवणारा आणि बसवल्यावर हातात एकही नट न उरणारा तालुक्यात तो एकटाच होता. त्यामुळे लोक त्याला मान देत. म्हणजे गाडी बिघडली की देत.

"विचार करतीय म्हणजे?" हात पुसत त्याने विचारलं.

"म्हणजे आमचा पुंजाराम ॲक्सिलेटर दाबतो. ही लगेच हलत न्हाई. आधी थांबती, मग घुरघुरती, मग घरच्यांना इचारून आल्यासारखी निघती. तवर राधाकृष्णाचं डबडं पुढं घुसलेलं असतं. मोठ्या माणसाच्या गाडीनं विचार करायचा न्हाई, भीमराज. तिनं निघायचं."

ड्रायव्हर पुंजाराम मागे मान खाली घालून उभा होता. त्याची वीस वर्षं उसाच्या ट्रॅक्टरवर गेली होती. आबासाहेबांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण एका लग्नात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की वरच्या माणसांच्या गाडीला क्लच नसतो. तेव्हापासून पुंजारामचा डावा पाय बेकार झाला होता. अधूनमधून सवयीने तो क्लच शोधायला जायचा, तिथे ब्रेक सापडायचा, आणि मग मागच्या सीटवरचे आबासाहेब पुढच्या सीटवरच्या कार्यकर्त्याच्या मानेत तोंड खुपसायचे.

"घाई कसली असते पण?" भीमराजने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

आबासाहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. मग खुर्ची मागवली, रुमालाने झटकली आणि बसून समजावून सांगितलं.

पक्षाचे साहेब जिल्ह्यात आले की त्यांच्या मागे तीस-चाळीस गाड्यांचा ताफा असतो. साहेब सध्या सरकारात कुठल्याच पदावर नव्हते, त्यामुळे पुढे पोलिसांची गाडी नसे आणि कोणी कुठे लागायचं हे ठरवणारंही कोणी नसे. साहेबांची गाडी हलली की तिच्या मागे जो पहिला घुसेल, त्याची जागा दुसरी. एकदा लागलेली जागा दिवसभर मोडत नाही, तो ताफ्याचा रिवाज. आणि दुसऱ्या जागेवरचा माणूस साहेब उतरायच्या आत खाली उतरलेला असतो. दार तो उघडतो. साहेबांची पहिली नजर त्याच्यावर पडते. मागच्या वेळी ज्याला तिकीट मिळालं, त्याची गाडी वर्षभर दुसरी होती.

"दुसऱ्या नंबरची गाडी ज्याची, तिकीट त्याचं," आबासाहेब म्हणाले. "बाकी समाजकार्य वगैरे हाये आपलं बोलायला."

"आणि राधाकृष्ण?"

"ते बी इच्छुक. त्याची पंधरा वर्षांची जीप. गिअरची. दार दोरीनं बांधलेलं. पण क्लच सोडला की बेडकासारखी उडती. गेल्या चार दौऱ्यांत चारीदा ते पुढं. दर वेळी मी तिसरा. तिसऱ्याचं तोंड कोन बघतं?"

भीमराजने गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकणला त्याने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. वेगासाठी वेडी झालेली श्रीमंतांची पोरंही पाहिली होती. पण त्यांना निदान कुठेतरी लवकर पोचायचं असायचं. दुसऱ्याच्या मागे लवकर पोचायला धडपडणारा माणूस तो पहिल्यांदा बघत होता.

बॉनेट उघडल्यावर आधीचे उपाय बाहेर आले. पेडल लवकर लागावं म्हणून इंटरनेटवरून मागवलेली एक डबी, तिची वायर लोंबत होती. नगरच्या कुणीतरी बसवलेली एक चिप, ती कशालाच जोडलेली नव्हती. डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. आणि बॅटरीला बांधलेलं लिंबू. त्यातल्या त्यात लिंबू निरुपद्रवी होतं.

"गाडीत दोष नाही," भीमराज म्हणाला. "वजन किती आहे?"

"माझं?"

"गाडीचं."

हा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. गाडी उसाच्या काट्यावर नेली. दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या मध्ये ती उभी राहिली, आत आबासाहेब आणि नेहमीचे पाच कार्यकर्ते. भीमराजने आकडा पाहिला आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिला. माणसं सोडून साडेतीनशे किलो जास्त. काटा उसाचा होता, म्हणजे दाखवतो त्याहून वजन जास्तच असणार, हे त्याने मनातल्या मनात धरलं.

पुढे लोखंडी गार्ड, बैलाच्या वशिंडाएवढा. मागे तसाच दुसरा. टपावर कॅरिअर, त्यावर चढायला शिडी, शिडीवर चढायला कोणी नाही. डिकीत सत्काराच्या शालींचं एक खोकं, नारळांचं एक पोतं, फ्लेक्सच्या गुंडाळ्या, 'कार्यसम्राट' लिहिलेली पितळी ढाल आणि दीड वर्षापूर्वीच्या भूमिपूजनाची कुदळ. रस्ता झाला नव्हता, पण कुदळ जपून ठेवली होती.

"हे सगळं उतरवा," भीमराज म्हणाला. "टायरमधली हवा कंपनीच्या आकड्याला आणा. गिअरबॉक्सचं तेल जळलंय, ते मी बदलतो. आणि त्या दिवशी गाडीत फक्त ड्रायव्हर आणि तुम्ही."

"गार्ड काढला तर गाडी नागडी दिसंल."

"हलकी दिसेल."

"हलका माणूस कुनाला पायजे? आन कार्यकर्ते? ते काय म्हनतील?"

कार्यकर्ते काय म्हणतील हा प्रश्न तसा नव्हता, कारण ते काट्याच्या टपरीवर आबासाहेबांच्या नावावर भजी खात होते. पण आबासाहेब हळवे झाले. एकेकाकडे पाहून कोणाला उतरवावं याचा त्यांनी बराच विचार केला, आणि शेवटी पाचही जणांना दुसऱ्या गाडीत बसवायचं ठरलं. दुसरी गाडी नव्हती. त्यांनी मोटारसायकलवर यावं असं ठरलं.

परतताना आबासाहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुझी फाईल माझ्याकडंच हाय बरं का, भीमराज."

भीमराजला माहीत होतं. त्याचं गॅरेज बाजार समितीच्या गाळ्यात होतं. गाळ्याला नळ नव्हता, पाणी तो ड्रममधून आणत असे, पण गाळा रस्त्यावर होता. करार मार्चमध्ये संपला होता आणि नूतनीकरणाच्या कागदावर उपसमितीच्या अध्यक्षाची सही आठ महिने होत नव्हती. तोच गाळा आबासाहेबांच्या मेहुण्याला टाइल्सच्या दुकानासाठी हवा होता, हेही त्याला माहीत होतं. चौदा एप्रिलला गळ्यात निळा पंचा घालून आबासाहेबांनी त्याच्या वस्तीत पाऊण तास भाषण केलं होतं. स्वाभिमानाने स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या तरुणाचं उदाहरण म्हणून भीमराजचं नावही घेतलं होतं. भीमराजचं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं.

"गाडी दुसऱ्या नंबरला लागली की गाळा तुझा," आबासाहेब म्हणाले. "शब्द."

रात्री जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. जयमाला अंगणवाडीत सेविका होती. सतरा वर्षं तिने उद्घाटनांना रांगोळ्या काढल्या होत्या, त्यामुळे शब्द या वस्तूबद्दल तिचं मत पक्कं होतं.

"लोखंड काढायला एवढी माणसं लागतात व्हय? आन ते पळायला लागलंय कुनाच्या मागं?"

"साहेबांच्या."

"साहेब पळतोय का?"

"नाही. तो बसलेला असतो."

"मग ह्यांना चालत जाऊन त्याच्या दारात हुबं ऱ्हायला काय धाड भरली?" तिने भाकरी त्याच्या ताटात टाकली. "ते जाऊ द्या. गाडी लागल्यावर सही करनार म्हनला का आधी?"

"लागल्यावर."

"मग झालं. आधी सही घ्या. त्याची गाडी पुढं गेली की तो मागं वळून बघनार न्हाई, आन मागं ऱ्हायली तर तुमालाच धरंल. गाळा ग्येला तर टेम्पो काय माझ्या चुलीवर चढवून रिपेर करनार?"

भीमराजला हे पटलं.

सरावासाठी बाजार समितीचं आवार निवडलं. कांद्याचा लिलाव नसला की तिथे कुत्री आणि हमाल सोडून कोणी नसतं. साहेबांची गाडी म्हणून एक कांद्याचा टेम्पो उभा केला. त्यात साहेब नव्हते, तरी पहिल्या दिवशी आबासाहेबांनी येता येता टेम्पोला हात जोडले. हमालांनी पाहिलं. आबासाहेबांनी जोडलेले हात तसेच वर नेऊन केस सारखे केले.

"बघा," भीमराजने समजावलं. "गिअरच्या गाडीत क्लच सोडला की इंजिन आणि चाक थेट जोडलं जातं, म्हणून जीप उडी मारते. हिच्यात मध्ये तेल असतं. इंजिन तेल फिरवतं, तेल चाक फिरवतं. त्यात टर्बोला हवा भरायला वेळ लागतो. म्हणून ती थांबल्यासारखी वाटते. तर आपण आधीच तयारीत राहायचं. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्याने ॲक्सिलेटर थोडा द्यायचा. इंजिन चढतं, तेल ताणलं जातं, गाडी जागेवर थरथरते. मग ब्रेक सोडायचा. दोन सेकंद, जास्त नाही. जास्त धरलं तर तेल उकळून गिअरबॉक्स जाईल."

"म्हंजी एकाच टायमाला थांब बी म्हनायचं आन चल बी म्हनायचं," पुंजाराम म्हणाला.

"हां."

"आमच्या घरी असंच चालतं," पुंजाराम म्हणाला आणि गाडीत बसला.

पण त्याचा डावा पाय वीस वर्षं क्लचवर वाढलेला होता. त्याला पाय अर्धवट सोडणं माहीत नव्हतं, झटक्यात सोडणं आणि झटक्यात दाबणं एवढंच येत होतं. गाडी टेम्पोच्या दिशेने उडी मारे, डावा पाय घाबरून परत ब्रेकवर पडे आणि आबासाहेब डॅशबोर्डला दंडवत घालत. चौथ्या वेळी त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. उद्घाटनाच्या फोटोंत ते डाव्या बाजूने उभे राहू लागले.

"तूच चालव," तिसऱ्या दिवशी टेंगूळ चोळत ते भीमराजला म्हणाले. "शुक्रवारी साहेब येतायत. नेवासा फाट्यावर बैठक आन जेवन, मग शेवगावला सभा. तू बस. एवढा एक दिवस."

भीमराजने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला आणि बॉनेटवर पसरला.

"शब्द दिलाय ना तुला?"

"दिलाय. तोच लिहून द्या. गाडीत बसल्यावर माझं मन सहीकडे राहिलं तर पाय चुकेल."

आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. मग सही केली. सही मोठी होती, तिच्यात दोन मोर होते. शिपायाने शिक्का आणला. भीमराजने कागद परत पिशवीत घातला, पिशवी दुमडून बनियनच्या आत सारली आणि म्हणाला, "आता बघा."

गाडी जागेवर थरथरली आणि सुटली. टेम्पोच्या मागे ती अशी जाऊन चिकटली की दोघांच्या मध्ये कुत्रं शिरलं नसतं. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मुलीला बारावीला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हाही आलं नव्हतं.

शुक्रवारी नेवासा फाट्यावरच्या मंगल कार्यालयात बैठक झाली. बैठकीत काय झालं हे आबासाहेबांना माहीत नव्हतं, कारण ते बाहेर जागा धरून गाडीत बसले होते. भाषण कर्ण्यावरून ऐकू येत होतं, पण ते ऐकण्यासारखं नसतं हे सगळ्यांना माहीत असल्याने सगळेच आपापल्या गाडीत बसले होते. चाळीस गाड्या, चाळीस इंजिनं चालू. जेवणाची ताटंही गाडीत मागवली होती. साहेबांची गाडी दाराशी काळ्या काचा लावून उभी. तिच्या मागे जागा एकच. डावीकडे आबासाहेबांची गाडी, उजवीकडे राधाकृष्णची जीप.

राधाकृष्ण जीपच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून बसला होता. किडकिडीत, पन्नाशीचा, कुठल्याच मंडळाचा आधारस्तंभ नसलेला.

"आबा, गार्ड कुठं ग्येला वो?" त्याने विचारलं. "भंगारवाल्याचं बी घर चाललं पायजे म्हना."

"आज कळंल," आबासाहेब खिडकीतून म्हणाले आणि काच वर घेतली.

दोन वाजले. साहेबांनी जेवण केलं. मग वरपक्षाच्या खोलीत जाऊन ते जरा आडवे झाले. त्यांचे पीए बाहेरच्या सोफ्यावर आडवे झाले. ही गोष्ट पंगत वाढणाऱ्या पोऱ्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. गाडीत बसलेल्या चाळीस जणांना नव्हती.

सव्वादोनला साहेबांचा ड्रायव्हर छगन दात कोरत बाहेर आला आणि गाडीत बसला.

"बसला, बसला," आबासाहेब पुटपुटले. "चाक बघ, भीमराज. नुसतं चाक. ते हाललं की सोड."

भीमराजने डावा पाय ब्रेकवर ठेवला. त्याची नजर चाकावर होती, पण चाकणच्या सवयीने त्याने पूर्ण गाडी बघितली होती. मागचं दार उघडलं नव्हतं. मागची बाजू जराही दबली नव्हती. साहेब शंभर किलोच्या आतले नव्हते.

"आबासाहेब, साहेब बसलेले दिसत नाहीत."

"चाक बघ म्हनलं ना."

"दार उघडलंच नाही."

"साहेबांचं दार आपन बघायचं नसतं, उघडायचं असतं. चाक."

छगनच्या गाडीचं चाक हललं. भीमराजने उजवा पाय दिला, दोन सेकंद धरला, ब्रेक सोडला. काम म्हणून पाहिलं तर ते सुंदर झालं. चाक एकदाही जागेवर घसरलं नाही, धूळ उडाली नाही. राधाकृष्णच्या क्लचचा खडखडाट ऐकू आला तोवर गाडी जागेत शिरलेली होती. मागून तिसरा, चौथा, पाचवा असे घुसत गेले. त्या गर्दीत जीप कडेच्या मंडपाच्या खांबाला दाबली गेली आणि बंद पडली. ताफा फाटकातून बाहेर पडला. आरशात भीमराजला राधाकृष्ण दिसला, खाली उतरून तंबाखू मळत होता.

 आबासाहेब सरळ बसले होते, सत्काराला बसतात तसे.

हमरस्त्याला लागल्यावर साहेबांची गाडी उजवीकडे, नगरच्या दिशेला वळली.

"सभा शेवगावला आहे," भीमराज म्हणाला. "शेवगाव इकडं नाही."

"साहेब जातील तिकडं सभा."

"पण साहेब..."

"तुला राजकारन कळत न्हाई, भीमराज. तू गाडी बघ. कार्यक्रम बदलला आसंल. आसं मोठं काही आसलं की आधी कुनाला सांगत नसतात." त्यांनी जरा थांबून, हळू आवाजात विचारलं, "मला का न्यायलेत आसं वाटतंय तुला?"

भीमराजने काही वाटून घेतलं नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं. बनियनच्या आतला कागद घामाने अंगाला चिकटला होता, तो त्याने जरा सैल केला आणि गाडी चालवत राहिला. पुढे छगनने आरशात चाळीस गाड्या पाहिल्या आणि सगळे घरी चालले असतील असं समजून वेग वाढवला. त्याचा वेग वाढला म्हणून ताफ्याला खात्री पटली की प्रकरण मोठं आहे. मागच्या कुणीतरी मोबाईलवर टाकलं की साहेब तातडीने मुंबईकडे निघाले आहेत. तासाभरात ते नगरच्या दोन चॅनेलांवर आलं.

घोडेगावात छगन एका गल्लीत वळला. चाळीस गाड्या त्या गल्लीत वळल्या, म्हणजे नऊ वळल्या आणि बाकीच्या तोंडाशी अडकल्या. एका पत्र्याच्या फाटकासमोर छगनची गाडी थांबली. ती पूर्ण थांबायच्या आत आबासाहेब खाली उतरले होते. चार ढांगांत ते मागच्या दाराशी पोचले, एका हाताने दार उघडलं, कमरेत वाकले आणि हात जोडले.

सीटवर एक टॉवेल होता, पाण्याची बाटली होती आणि सकाळच्या सत्काराचा फेटा होता. आबासाहेब वाकलेले तसेच राहिले. मागे आठ गाड्यांमधून उतरलेले आठ जणही रिवाजाप्रमाणे हात जोडून उभे होते.

छगन त्या घरात जाऊन चष्म्याची डबी घेऊन आला. साहेब सकाळी तिथे चहा प्यायले होते, चष्मा तिथेच राहिला होता.

"आबा?" छगन म्हणाला. "तुमचं बी काई ऱ्हायलंय का हितं?"

पुढचं भीमराजला नंतर लोकांकडून कळलं. साहेब पावणेतीनला उठले. बाहेर आले तर आवारात एक जीप, एक माणूस आणि चाळीस गाड्यांचा धूर. पीएने फोन लावला, छगन गल्लीत अडकला होता, पुढे जाता येईना आणि मागे नऊ गाड्या. शेवगावला लोक दोन तास बसून होते. साहेब जीपमध्ये बसले. दार आतून त्यांनी स्वतः धरलं, कारण दोरी तुटली होती. जीपला एसी नव्हता, त्यामुळे झोप येईना. झोप येईना म्हणून त्यांना बोलावं लागलं. शेवगाव येईपर्यंत त्यांना राधाकृष्णचं नाव, गाव आणि त्याच्या गावाला पाण्याची टाकी नाही हे कळलं होतं. वीस वर्षांत जिल्ह्याविषयी एवढी माहिती त्यांना एका बैठकीत मिळाली नव्हती.

दहा दिवसांनी तिकीट जाहीर झालं. राधाकृष्णला.

यावरून तालुक्याने काय शिकावं? साहेबांशी माणसासारखं बोलावं, असं कोणाला वाटलं नाही. राजकारणात जो मागे राहतो त्याला साहेब उचलतात, असं सर्वानुमते ठरलं. पुढच्या महिन्यात साहेब राहुरीला आले. परत निघताना त्यांची गाडी हलली, फाटकाबाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. आवारातल्या चाळीस गाड्यांपैकी एकही हलली नाही. प्रत्येक जण बॉनेट उघडून आत बघत उभा होता. छगनने म्हणे रस्त्यात तीनदा गाडी थांबवून मागे पाहिलं. साहेबांनी त्या दिवशी पक्षात आपल्याविरुद्ध कट शिजतोय असं समजून चार तालुकाध्यक्ष बदलले.

त्यानंतरच्या सोमवारी भीमराज एका पिकअपखाली पडला होता. गाळ्याच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, दोन मोरांच्या सहीचा कागद काचेत लावलेला होता. समोर पांढरे बूट येऊन थांबले.

"मिस्त्री, बाहेर ये. गाडी लई लवकर निघती."

भीमराज बाहेर आला. आबासाहेब मेहुण्याबरोबर आले होते. मेहुणा काचेतल्या कागदाकडे पाहत होता. मागे पुंजाराम हातगाडीवर दोन लोखंडी गार्ड, कॅरिअर, शिडी, ढाल आणि कुदळ घेऊन उभा होता. भंगारवाल्याकडून सोडवून आणलं होतं.

"कारखान्याची निवडनूक लागतीय," आबासाहेब म्हणाले. "पयल्यासारखी करून दे. वर आजून काय बसवता येत आसंल तर बसव. ते दोन पायांचं बी बंद."

"ते पुंजारामच्या हातात दिलं की आपोआप बंद होईल," भीमराज म्हणाला.

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

भीमराजने हात पुसले, आत गेला आणि प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आला. आत गाळ्याला नळजोड मिळावा म्हणून अर्ज होता. तो त्याने बॉनेटवर पसरला आणि पेन ठेवलं.

आबासाहेबांनी अर्जाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं नाही, आणि दोन मोर काढले.

गार्ड चढवायला अख्खी दुपार गेली. मागचा चढवला, पुढचा चढवला, टपावर कॅरिअर, कॅरिअरला शिडी. नारळांचं पोतं आणखी एक आणलं. पाच कार्यकर्ते मोटारसायकली लावून आत बसले. आबासाहेब मागे बसले. पुंजारामने ॲक्सिलेटर दाबला. गाडी थांबली, घुरघुरली आणि विचार करू लागली.

आबासाहेब समाधानाने मागे टेकले. भीमराज तोवर परत पिकअपखाली गेला होता.